रावेरखेडीची वाट आणि वाटेवरच्या पाट्या

इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता सिमरोल मागे टाकून भेरूघाटात शिरतो, आणि माळव्याचे पठार संपून निमाड सुरू होते. हवा पालटते, झाडी विरळ होते, घाटाखाली उतरताच उन्हाला निराळीच धार येते. या रस्त्याने आम्ही इंदूरकर मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ओंकारेश्वराला जात आलो आहोत. बडवाह आले की नर्मदेची चाहूल लागते, पूल ओलांडताना गाडीतली वडीलधारी माणसे हात जोडतात, मोरटक्क्याला डावे वळण घेतले की पुढची वाट कुणाला विचारावी लागत नाही. पण त्याच मोरटक्क्याहून सरळ सनावदला जावे, तेथून खरगोनचा रस्ता धरावा, बेडिया गावापाशी उजवीकडे नर्मदेच्या रोखाने वळावे आणि रावेरखेडीस पोहोचावे, असे आमच्यापैकी किती जणांच्या मनात येते? इंदूरपासून अंतर सगळे मिळून सुमारे शंभर किलोमीटर. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परतू शकेल.

या रावेरखेडीस २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीराव पेशव्यांनी देह ठेवला. वय चाळीसही पूर्ण नव्हते. त्याच वर्षाच्या आरंभी नासिरजंगाशी मुंगी-पैठणास तह झाला, त्यात हंडिया आणि खरगोन हे प्रांत जहागिरीदाखल मिळाले, आणि त्या नव्या मुलखाच्या व्यवस्थेसाठी ते इकडे आलेले होते. उन्हाळा, ज्वर, आणि नर्मदेचा काठ. इंदूर, धार, देवास, ग्वाल्हेर येथील मराठी वस्तीचा इतिहास जिथपासून सांगायचा, ते सूत्र या पुरुषाच्या हातचे आहे. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, पवार ही घराणी त्यांच्याच काळात उत्तरेकडे रुजली. भोपाळच्या लढाईनंतर १७३८ च्या जानेवारीत दुराईसराईचा तह झाला आणि माळव्यावरील मराठ्यांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. आमची घरे आज येथे आहेत ती त्यामुळे.

या वाटेवर आम्ही गेलो ते समाधीचे दर्शन घ्यायला. पण वाटेवरच्या पाट्यांनीच आमचे लक्ष अधिक वेधून घेतले, हे सांगितले पाहिजे. घाट उतरताना, बडवाहच्या आसपास आणि सनावदच्या वेशीवर फलकांची दाटी अशी की रस्ता शोधावा लागावा. ढाब्यांचे फलक, बी-बियाण्यांचे फलक, सिमेंटचे, शिकवणी वर्गांचे, पुढाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे. या सगळ्या गर्दीत आम्हाला हवे होते ते एक नाव आणि एक बाण. सनावद सोडल्यावर ते नाव आम्हाला एकदा दिसले, तेही बाभळीच्या फांदीआडून अर्धेच. पुढे बेडियाच्या अलीकडे गाडी थांबवून एका चहावाल्या काकाजींना विचारावे लागले. त्यांनी मिरच्यांच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीकडे बोट करून सांगितले की हिच्या मागे जाऊ नका, ही मंडीत जाईल. त्यानंतरचे वळण तुमचे. बेडियाची मिरची दूरवर जाते, तिला पाटीची गरज नाही.

रस्त्यावरचा फलक ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब मुळात मोठ्या विचाराने ठरलेली आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाने पाटी पाहावी, वाचावी, शेजारी बसलेल्याशी दोन शब्द बोलावे, मागून येणारा ट्रक आरशात पाहावा आणि मग वेग कमी करावा, एवढ्यात पाच-सहा सेकंद सहज जातात. म्हणजे शंभर मीटर रस्ता संपला. म्हणून वळणावरच उभी केलेली एकुलती एक पाटी पुरत नाही. ज्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीनुसार आपल्याकडे रस्त्यांची चिन्हे ठरतात, ती १९३४ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिच्या नियमांत वळणाआधी सूचना देणारा फलक वेगळा, प्रत्यक्ष वळणावरचा वेगळा, आणि वळून गेल्यावर ‘होय, तुम्ही योग्य वाटेवर आहात’ असे सांगणारा तिसरा वेगळा. खेडोपाडी या तिसऱ्याचेच दुर्भिक्ष असते. शहरात चुकलेला माणूस चार पावलांवर दुसऱ्याला विचारतो. कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर दोन किलोमीटर गेल्यावर मनात जी शंका येते, ती दूर करायला तेथे माणूसही नसतो. आम्हीही त्या पट्ट्यात दोनदा थांबलो. वाट बरोबर होती. पण आपण बरोबर आहोत हे कळायला काही साधन नव्हते.

रंगांचीही भाषा आहे. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, आणि २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेल्या खेड्यातल्या रस्त्यांवर तो नारिंगी. मैल जाऊन किलोमीटर आले त्याला कितीतरी वर्षे झाली, तरी आम्ही त्याला मैलाचाच दगड म्हणतो, आणि कुठे कुठे त्याला शेंदूर फासून कुणी नारळही फोडतो, असो. पाहण्याजोग्या स्थळांसाठी तपकिरी भूमीवर पांढरी अक्षरे, ही चाल परदेशांत १९७० च्या दशकात रूढ झाली, फ्रान्सच्या मोटाररस्त्यांवर तिचा विशेष बोलबाला झाला, आणि आता ती आपल्याकडेही आली आहे. तिचा गुण असा की, ही पाटी कुणाच्या दुकानाची नव्हे, हे अक्षर न वाचताही कळते. पण हा गुण टिकायचा तर तपकिरी पाट्या थोड्याच असल्या पाहिजेत. प्रत्येक उपाहारगृहाने आणि प्रत्येक नव्या बागेने तपकिरी रंग उचलला, तर त्या रंगाला अर्थ राहणार नाही. आमच्या मते येथे सरकारने हात आखडताच ठेवावा. मागेल त्याला पाटी हे धोरण खेड्यातल्या रस्त्याला मानवणारे नाही.

फलक उभा करणे सोपे, राखणे कठीण. रात्री दिव्याच्या झोतात चमकणाऱ्या पाटीवर जो पत्रा असतो, त्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक बसवलेले असतात. ते प्रकाश इकडेतिकडे न उधळता आला तसा चालकाकडेच परत पाठवतात. या थराचे आयुष्य प्रतीप्रमाणे सात ते दहा वर्षे धरतात. निमाडचे ऊन, त्यात उडणारी धूळ, आणि वर चिकटवलेली जाहिरात, यांनी ते त्याआधीच सरते. लोखंडी खांब भंगारात जातो. रस्ता रुंद होतो तेव्हा पाट्या उपटून कडेला ठेवतात. रस्ता तयार होतो, ठेकेदार जातो, आणि पाट्या गवतात आडव्या पडून राहतात. सगळ्यांत मोठी अडचण मालकीची. मोठा रस्ता एका खात्याचा, फाटा दुसऱ्याचा, शेवटचा तुकडा तिसऱ्याचा, समाधी चौथ्याची, आणि पर्यटकांना बोलावण्याचे काम पाचव्याचे. प्रत्येकाची पाटी आपल्या हद्दीपर्यंत. याबद्दल परतल्यावर आम्ही एका कचेरीत विचारणा केली, तेव्हा अत्यंत सौजन्याने आम्हाला दुसऱ्या कचेरीचा पत्ता देण्यात आला. तेथे कुणीतरी पहिल्याचाच पत्ता सांगितला. कचेऱ्यांच्या दारावर मात्र पाट्या स्पष्ट होत्या.

नाव कसे लिहावे हाही प्रश्न आहेच. हिंदीत ‘रावेरखेड़ी’, मराठीत ‘रावेरखेडी’. रोमन लिपीत कधी एक शब्द, कधी दोन, आणि स्वर लेखकाच्या मर्जीचे. त्यात जळगाव जिल्ह्यातले केळीचे रावेर प्रसिद्ध. नुसते ‘रावेर’ म्हणून चौकशी करणारा मनुष्य भुसावळ-खंडवा लोहमार्गावर उतरून केळीच्या बागा पाहील, समाधी पाहणार नाही. यंत्राला विचारून निघणाऱ्या आजच्या तरुणांचीही हीच गत होऊ शकते, कारण यंत्र शेवटी लिहिलेल्या अक्षरालाच ओळखते. म्हणून नकाशावर, पाटीवर आणि पुस्तकात नाव एकच असावे एवढा साधा आग्रह आम्ही धरतो.

पाटी मराठीत असावी काय, असे आमच्या बरोबरच्या एका तरुण नातलगाने विचारले. बेळगावच्या वाचकांना या प्रश्नाचे मर्म सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्यांच्या शहराचे नावच सरकारदरबारी ‘बेळगावी’ झाले, आणि पाटीवरचे एक अक्षर घराघरांत किती खोल जाते हे त्यांनी पाहिले आहे. निमाडात मात्र आमचे उत्तर वेगळे आहे. लिपी एकच, देवनागरी. ‘समाधि’ऐवजी ‘समाधी’ लिहिले तर आमच्या शुद्धलेखनाचे समाधान होईल, वाट काही अधिक सापडणार नाही. तेथल्या शेतकऱ्याला, शाळकरी मुलाला ज्या भाषेत ते स्थळ आपले वाटते, त्याच भाषेत पाटी राहू द्यावी. ते गाव त्यांचे आहे, आणि समाधीची राखण गेली पावणेतीनशे वर्षे त्यांच्याच शेजारात झाली आहे. समाधीच्या आवारात मात्र, जेथे माणूस थांबून सावकाश वाचतो, तेथे हिंदी आणि इंग्रजीच्या जोडीला चार ओळी मराठी असाव्यात. पुण्याहून येणारा मनुष्य तेथे बाजीरावांची भाषा शोधतो, आणि ती सापडू नये हे बरे नव्हे.

अखेर आम्ही पोहोचलो. नदीच्या अंगाने तटासारखे दगडी आवार, आत मोकळी फरसबंद जागा, मध्ये समाधीचा चौथरा. पुढे नर्मदा. तेथे भव्य असे काही नाही, आणि ते नाही हेच आम्हाला आवडले. ज्याचे सबंध आयुष्य घोड्यावर गेले, १७२८ साली पालखेडला ज्याने निजामाला नुसत्या वेगाने आणि वाटांच्या माहितीने कोंडीत धरले, १७३७ साली जो कुणाला सुगावा लागण्यापूर्वी दिल्लीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, त्याची विसाव्याची जागा अशी आडवाटेला असावी याचे नवल वाटते. सोबतची मुले २०१५ साली निघालेल्या चित्रपटातले बाजीराव जाणत होती. ती आधी गप्प झाली, मग एकाने विचारले की इथे आरसेमहाल कुठे आहे. आम्ही त्यांना नदी दाखवली.

या पात्राचेही एक भय आहे. खाली महेश्वरजवळ जे धरण उभे राहिले, ते पूर्ण भरले तर त्याच्या फुगवट्याखाली समाधी येईल, अशी चिंता कित्येक वर्षे व्यक्त झाली. तो प्रकल्प निरनिराळ्या कारणांनी रखडला, आणि समाधी आज कोरडी आहे. परंतु ज्या स्थळाला कुणी जात नाही, त्याच्या बुडण्याची हाकाटीही थोडीच होते. वर्षाकाठी दहा हजार माणसे जिथे जाऊन येतात, त्या जागेचे काही करायचे म्हटले की दहा हजार तोंडे उघडतात. पाटीचा विचार आम्ही इतका लांबवला तो यासाठी.

गावातील लोकांशी बोलताना एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानी आणून देण्यात आली. विहिरीपाशी भेटलेल्या एका वृद्ध बाईंचे म्हणणे असे पडले की पाटी खुशाल लावा, पण पाटी वाचून बसभर माणसे आली तर ती पाणी कुठले पितील, बायकांनी आडोशाला कुठे जायचे, आणि गाड्या आमच्या खळ्यावर उभ्या करणार का? म्हातारीचा हिशेब चोख होता. तेव्हा पहिली पाटी महामार्गावर लागण्यापूर्वी शेवटच्या फर्लांगाची सोय व्हावी: नळ, स्वच्छतागृह, गाड्यांसाठी चार झाडांखालची जागा. ते काम पंचायतीकडे द्यावे, आणि त्यासोबत फांद्या छाटण्याचे व पाट्या पुसण्याचेही, त्याच्या मोबदल्यासह. दरसाल पावसाळा सरला की सनावदपासून समाधीपर्यंत कुणी जबाबदार माणसाने वही घेऊन जावे, किलोमीटरवार लिहावे: कोणती पाटी आहे, कोणती झाकली, कोणती पडली. रस्ता रुंद करणाऱ्याला काम संपल्याचा दाखला देण्यापूर्वी ती वही उघडून पाहावी. यात खर्च फार नाही. इंदूर आणि खरगोनच्या मराठी मंडळांनी हे वहीचे काम वर्षाआड वाटून घेतले तरी चालण्यासारखे आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी कार्तिक ते माघ या दिवसांत जावे. घाटात अवजड वाहनांची रांग लागते, म्हणून पहाटे निघणे उत्तम. पाण्याची बाटली आणि थोडा फराळ बरोबर असावा. बेडियाला मिरचीच्या मंडीचा वास येऊ लागला की वेग कमी करावा, आणि मंडीत शिरणाऱ्या ट्रॉलीच्या मागे न लागता पुढचे उजवे वळण घ्यावे.