निकाल न धरलेला सामना

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर सरावाचे सामने होतात. ३० संघांपैकी १५ फ्लोरिडात खेळतात, १५ ॲरिझोनात. त्यांचा निकाल हंगामात धरत नाहीत. ९ डावांनंतर बरोबरी झाली, तरी बहुधा सामना तिथेच थांबतो आणि सगळे घरी जातात.

आम्ही दोघे भावंडे बाबांना मेसा गावच्या स्लोन पार्कला घेऊन गेलो. आईला जाऊन आठ महिने झाले होते. बेळगावचे घर बंद करून बाबा आमच्याकडे आले होते. पण तिचा विषय त्यांच्या तोंडी येत नसे. मैदानाच्या कडेला हिरवळीचा उतार आहे, तिथे आम्ही चादर अंथरली. जन्मभर क्रिकेट पाहिलेले बाबा म्हणाले, "निकाल धरत नाहीत, मग खेळतात कशाला?"

निम्मे डाव झाल्यावर नावाजलेले खेळाडू निघून गेले. त्यांच्या जागी पोरसवदा मुले आली. पाठीवर ८०-९० च्या घरातले आकडे, काहींच्या शर्टावर नावही नाही. एकाने अंग झोकून चेंडू झेलला. बाबांनी टाळी वाजवली. मग हळूच म्हणाले, "ह्याची आई आली असेल का रे बघायला? तुमच्या शाळेच्या मॅचला ती छत्री घेऊन बसायची."

पुढचे सगळे डाव बाबा आईविषयीच बोलत होते.

समोरासमोर बसून जे निघत नाही, ते कधी कधी शेजारी बसून निघते. आपल्या घरी असे अबोल झालेले कुणी असेल, तर त्यांना काही विचारू नका. जिथे हार-जीत नाही अशा एखाद्या दुपारी नुसते त्यांच्या शेजारी जाऊन बसा.