पणजोबांच्या पदकाची जागा

आमच्या घरात शिरले की समोरच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर एक काचेची चौकट लागली. तीत आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची, दोन पदके, वडिलांची पाच पदके, टोपीवरचे दोन बिल्ले आणि एक रिकामी जागा आहे. येणारा-जाणारा पदकांआधी त्या रिकाम्या जागेबद्दल विचारतो.

ही पदके इतकी वर्षे दादांच्या, आमच्या वडिलांच्या, हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी, आई घरातली पितळी भांडी घासायला काढी. त्यांच्याबरोबर पदकेही निघत. चिंच आणि राख लावून ती इतकी लख्ख करी की वस्तीतल्या बाया बघायला येत. आम्हालाही त्याचा मोठा अभिमान होता. पुढे कळले की असे घासून आम्ही पदकांचे नुकसानच करत होतो. ब्रिटिश आमलातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. आबांच्या एका पदकावरचा नंबर आता बोटालाच लागतो, डोळ्यांना दिसत नाही. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी अशी पदके असतील तर त्यांना चिंच, राख, पॉलिश काही लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस्स. रिबिनीवर ऊन येऊ देऊ नका, रंग उडतो. चौकटीची काच पदकाला टेकू देऊ नका, आणि बापलेकांची पदके एका ओळीत लावू नका. ज्याची त्याची ओळ वेगळी.

आबा १९४१ साली भरती झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यांची दोन्ही पदके दुसऱ्या महायुद्धाची आहेत. एकावर सिंह दोन तोंडांच्या राक्षसी प्राण्यावर उभा आहे, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा आहे. आमची मुलगी सातवीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, यात पाकिस्तान वेगळं नाही." तेव्हा नव्हतेच, बाळ. आता खरे सांगायचे तर हे नकाशाचे पदक लढाईचे नाही. युद्धाच्या काळात देशातच तीन वर्षे चाकरी केली त्यांना ते मिळाले. वस्तीत काही जण पाहुण्यांना सांगतात, यांचे आजोबा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. आम्ही तिथल्या तिथे दुरुस्त करतो. आबांनी पहारे दिले. पहारा देणे काही कमी नाही.

त्यांच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ आहे. दादांच्या बिल्ल्यावर दोन मशीनगन आडव्या-तिडव्या आहेत आणि स्तंभाच्या जागी खंजीर आहे. दादांचा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ च्या युद्धाचे. पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचे मेडल १९७२ चे. बाकी दोन सेवेची.

चौकट लावायला खरा विरोध झाला तो दादांचाच. म्हणाले, "भिंतीवर कशाला? माझ्या खंदकातला जोडीदार परत आला नाही. त्याच्या घरी काय लावलं असेल?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यात विहारात एका तरुण कार्यकर्त्याने सर्वांसमोर विचारले, एका भिंतीवर तथागत आणि शेजारच्या भिंतीवर युद्धाची पदके, हे कसे बसते? त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. प्रश्न चुकीचा नव्हता.

आम्ही त्याला सांगितले ते एवढेच. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावात आपल्याला शाळेच्या दारात उभे करत नव्हते त्या काळात पलटणीत शिपायांच्या मुलाबाळांना अक्षरओळख होत होती. मग इंग्रज सरकारने आपली भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली लिहिला. ती माणसे बंदुकीसाठी भांडत नव्हती, पगार, पेन्शन, शाळा आणि गणवेश यांसाठी भांडत होती. तरुणाचे समाधान झाले असे नाही. पण पुढच्या रविवारी तो पदके बघायला घरी आला आणि दोन तास बसला.

आता रिकाम्या जागेबद्दल. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात १११ महार पलटणीत होते. ती पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. त्यांना चांदीचे पदक मिळाले होते. आजी सांगे, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि कडेला इंग्रजीत नाव. नावाच्या शेवटी 'नाक'. कोरेगावच्या स्तंभावरच्या आपल्या शिपायांच्या नावांसारखेच. १९७२ च्या दुष्काळात आबा खडी फोडायला जात होते, दादा सीमेवर होते, मनीऑर्डर उशिरा आली होती. आजीने ते पदक तालुक्याच्या सराफाकडे नेले आणि ज्वारी आणली. किती आणली ते तिने कधी सांगितले नाही. पण त्या ज्वारीबद्दल तिला वाईट वाटल्याचेही आम्ही कधी ऐकले नाही. वाईट वाटले ते आबांना. मरेपर्यंत त्यांनी त्या सराफाच्या दारावरून जाणे टाळले.

सराफाने ते वितळवले की विकले, कोणालाच माहीत नाही. म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या जुन्या बाजारात एक फेरी मारतो. चादरीवर नाणी, कुलपे, घड्याळे आणि मधूनच पदके मांडलेली असतात. घोडेस्वाराचे पदक दिसले की आधी कड फिरवून बघतो. दुकानदार आता ओळखतात. एक जण म्हणाला, "साहेब, भाव विचारत नाही, नुसतं उलटंपालटं करता." आम्ही काय सांगणार?

चौकट करताना सुताराने विचारले, इथे मखमल सुटी राहतेय, जागा बंद करू का? आमच्या आधी दादाच बोलले. विरोध करणारे दादा. म्हणाले, "राहू दे. माप घे, छत्तीस मिलिमीटर."