तिकिटाचा हिशेब

पहाटे तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार पाहिले, तर नवी मुंबई कोणाच्या श्रमांवर उभी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. भाजीपाल्याच्या गाड्या रिकाम्या होत असतात. पाठीवर गोणी घेतलेले माथाडी वाट काढत असतात. दिवस वर आला की मसाला व दाणा बाजारातील पेढ्या उघडतात. मशीद बंदर परिसरातून आपल्या समाजातील कित्येक पेढ्या येथे स्थलांतरित झाल्या, त्याला आता तीन दशके उलटली. १९९६ मध्ये महापालिकेची परिवहन सेवा, अर्थात एनएमएमटी, सुरू झाली. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ येथून बाजारात येणाऱ्या हमाल, मापाडी व दिवाणजींना या बसचा मोठा आधार आहे.

ही बस सर्वांसाठी विनामूल्य करावी काय? लक्झेंबर्गने २०२० पासून संपूर्ण देशात सार्वजनिक प्रवास मोफत केला. आपल्या एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तिकीट नाही, तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे. उलट, बेल्जियममधील हासेल्ट शहराने १९९७ मध्ये सुरू केलेला मोफत प्रवास २०१३ मध्ये आवरता घेतला. वाढत्या प्रवाशांबरोबर वाढलेला खर्च त्याला पेलला नाही.

आपणा व्यापाऱ्यांना यातील मर्म लवकर उमगावे. तीर्थक्षेत्रीच्या भोजनशाळेत यात्रेकरू तृप्त होऊन उठतो, कारण कोणा दात्याने त्या दिवसाची तिथी लिहिलेली असते. पान विनामूल्य असते, धान्य नसते. एनएमएमटीची तूटही आज महापालिकेच्या अनुदानातून भरली जाते. म्हणजे तिकिटाचा काही भार करदाता आधीच उचलत आहे. प्रश्न इतकाच, की उरलेली तिथी कोणी लिहावी?

फ्रान्समधील डंकर्क शहरात २०१८ पासून बस मोफत आहे. तेथे नोकरदार ठेवणाऱ्या आस्थापनांकडून वाहतुकीसाठी स्वतंत्र कर घेतला जातो आणि खर्चाचा मोठा वाटा त्यातून निघतो. कामगार वेळेवर पोहोचला, तर लाभ पेढीचाही होतो, हा त्यामागील सरळ विचार.

सरसकट मोफत प्रवासाची घोषणा करण्याआधी पहाटेच्या बाजार-फेऱ्यांपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. फेऱ्या वाढवाव्यात, त्या वेळेवर सोडाव्यात आणि त्यांचा भार व्यापारी संघटनांनी महापालिकेसमवेत वाटून घ्यावा. न येणारी बस मोफत असूनही कामगाराला महागच पडते, कारण शेवटी त्याला रिक्षाच करावी लागते. वर्षभराचा अनुभव वहीत उतरला, की पुढचे पाऊल भावनेने नव्हे, आकड्यांनी ठरवता येईल.

आपल्या संघांत साधारण खाते असते. त्यातून सर्वांच्या गरजा भागतात. शहराची बस हेही असेच एक साधारण खाते आहे. त्यात आपली रक्कम किती, हे दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने ठरवावे.