इफ्तारीचे ताट

रमजानमध्ये असरची नमाज झाली की खेडच्या बाजारात तळणाचा वास सुटतो. समोसे, कांदाभजी, कटलेट यांच्या कढया रस्त्याच्या कडेला येतात. मगरिबच्या आधी अर्धा तास मोहल्ल्यातली मुले रुमालाने झाकलेली ताटे घेऊन या घरातून त्या घरात आणि मशिदीकडे धावत असतात. ताटावरून घराची ऐपत कळते, असे कोणी उघड बोलत नाही. पण ताट घेणारी रुमाल उचलून पाहतेच, आणि पाठवणारीला ते ठाऊक असते.

२०२२ च्या रमजानआधी माझ्या मिस्टरांच्या रक्तात साखर निघाली. बावीस वर्षे कुवेतमध्ये गाडी चालवून ते परतले होते. दाखवल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. रोज्यात साखर तपासत राहा, ७० च्या खाली गेली तर रोजा सोडा, असे बजावले. आणि निघताना माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘बाई, इफ्तारीचे तळण मात्र बंद करा.’’

औषध आणणे सोपे होते. तळण बंद करणे कठीण, कारण घरात माझ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आई म्हणायचो. वय ऐंशीच्या पुढे, पण दस्तरखानावर हुकूम त्यांचाच.

पहिल्या रोज्याला, ३ एप्रिलला, मी उकडलेले काबुली चणे, काकडीचे काप, दही आणि खजूर मांडले. आईंनी ताटाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. ‘‘माझ्या मुलाच्या ताटात चणे? लोक काय म्हणतील? आमच्या गरिबीचं खाणं तू परत आणलंस?’’ त्या रात्री त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला राग आला होता. मुलाच्या तब्येतीपेक्षा यांना शेजाऱ्यांच्या नजरेची फिकीर, असे मनात म्हणून मी भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी सहेरीनंतर त्यांनीच विषय काढला. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा इफ्तार म्हणजे खजुराचा एक दाणा, पाणी, मूठभर उकडलेले चणे आणि तांदळाची पेज. तेल औषधासारखे मोजून वापरायचे. घरातले पुरुष मुंबईला किंवा जहाजावर. मनिऑर्डर आली तर आली. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले तिकडे गेली. तो पैसा गावात आला तेव्हा घरांवर स्लॅब पडले आणि चुलीवर कढई चढली. ‘‘पहिल्यांदा ताटभर भजी मशिदीत पाठवली,’’ आई म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी वाटलं, आता आपल्याकडे कोणी दयेनं बघणार नाही.’’

मी गप्प झाले. आम्हाला जी चव वाटत होती, ती त्यांची इज्जत होती. ती काढून घ्यायची तर तिच्या जागी काही ठेवायला हवे होते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

मार्ग मिस्टरांनी दाखवला, तोही सहज. चणे चमच्याने चुरडत ते म्हणाले, ‘‘कुवेतला हेच वाटून देतात. हुमुस म्हणतात. बडे बडे लोक रोटीला लावून खातात.’’ आईंचे कान टवकारले. ‘‘अरबांच्या दस्तरखानावर चणे?’’ त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

वाटायचे तर मिक्सर धड नव्हता. २२ जुलै २०२१ ला, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, जगबुडीचे पाणी घरात शिरले होते. फ्रीज गेला, त्यातले कुर्बानीचे मटण गेले, मिक्सर चिखलाने भरला. पुढे तो दुरुस्त केला, पण मधेच बंद पडायचा. पाटा-वरवंटा मात्र चिखलातून धुऊन काढला तसा कामाचा. आईंनी तो अंगणातून आत आणायला लावला आणि स्वतः पाट घेऊन समोर बसल्या.

कृती सांगते, कारण कितीजणींनी विचारली. वाटीभर काबुली चणे रात्री भिजवावेत आणि कुकरला बोटाने चुरडतील इतके मऊ शिजवावेत. दोन चमचे तीळ कोरडे भाजून आधी बारीक वाटावेत, मग लसणाची पाकळी आणि चणे. घट्ट वाटले तर चण्याचेच पाणी घालावे. लिंबू, जिरेपूड, बेताचे मीठ. वरून चमचाभर तेल पुरते. हिरवी चटणी आईंची: ओले खोबरे थोडे, कोथिंबीर-पुदिना भरपूर, हिरवी मिरची आणि कोमट पाण्यात भिजवलेली चार आमसुले. आमसुलाला मीठ असतेच, म्हणून वेगळे घालायचे ते चाखूनच. तिसरे, दही फडक्यात दोन तास टांगून त्यात किसून पिळलेली काकडी. या तिन्हींबरोबर नाचणीची पातळ भाकरी, तव्यावर कडक करून तुकडे केलेली.

चण्यात तंतू आणि प्रथिने असल्यामुळे साखर हळू चढते, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते सगळे मिळून जेमतेम एक छोटा चमचा. बाजारच्या पाकिटांत आणि बाटल्यांत ते किती असते, हे आपण वाचतही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज दिला. आमच्या मोहल्ल्यात मात्र हा आजार अजून दबक्या आवाजात सांगतात, आणि रमजानमध्ये तर लपवतातच.

त्या आठवड्यात मशिदीत ताट गेले ते आईंनी स्वतः लावलेले. मधोमध हुमुस, कडेने हिरवी चटणी, काकडी, भाकरीचे तुकडे. रुमाल झाकताना त्यांचा हात जरा थांबला, एवढे मी पाहिले. ताट परत आले तेव्हा अर्धे तसेच होते. मुलांनी भज्यांवर हात मारला होता, हे उघड आहे. पण दोन दिवसांनी शेजारची एक बाई मागच्या दाराने आली आणि हळूच म्हणाली, ‘‘आमच्या ह्यांनाही साखर आहे. ती पांढरी चटणी कशी करता?’’ आईंनी तिला पाट्यासमोर बसवले.

मिस्टरांच्या गोळ्या सुटल्या नाहीत. अशा खाण्याने आजार पळाला, असे मी कोणाला सांगत नाही. साखर आवाक्यात राहते, एवढेच. ईदला घरात समोसे होतात आणि तेही एखादा खातात.

आई २०२४ च्या पावसात गेल्या. आता मिक्सर नवा आहे, पण रमजानमध्ये चणे मी पाट्यावरच वाटते. वेळ लागतो, पाठ दुखते. ताट मात्र रुमालाने झाकताना माझा हात आता थांबत नाही.