सकळ लिपी आणि मोकळी अक्षरे

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. नागरी अक्षरांच्या जागा ठरावीक रीतीने बदलून आणि काही नवी चिन्हे योजून मजकूर असा फिरविलेला असे की, ज्याला संकेत ठाऊक नाही त्याच्या हाती पोथी असूनही ग्रंथ नसे. पंथाच्या दृष्टीने यामागे सबळ कारण होते. धर्मवचने अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, त्यांची विटंबना होऊ नये, ही ती चिंता. तथापि वाङ्मयाच्या दृष्टीने परिणाम असा झाला की, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेले 'लीळाचरित्र' मराठी वाचकाला विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जणू नव्हतेच. राजवाडे, भावे प्रभृतींच्या खटपटीने तो संकेत उलगडला, तेव्हा मराठी गद्याचा इतिहास काही शतके मागे न्यावा लागला. आणि गंमत अशी की, लिपी गुप्त राखूनही 'लीळाचरित्रा'चे पाठ अनेक झालेच. कुलपाने वाचक बाहेर राहिले. पाठभेद राहिले नाहीत.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम खुली असावी की मालकीची, हा वाद साहित्याच्या अभ्यासकाला सहसा आपला वाटत नाही. तो वाद किंमत, वेग, सोय यांच्या परिभाषेत चालतो आणि त्यात भाग घेणाऱ्यांचा आवेश पुष्कळदा पंथीयांसारखाच असतो. परंतु तो बारकाईने पाहिला तर त्याच्या तळाशी सकळ लिपीचाच प्रश्न सापडतो: लिहिलेले वाचण्याची किल्ली कोणाच्या हाती असावी?

सॉफ्टवेअर हेही मुळात माणसाने लिहिलेले एक लेखन असते. आज्ञावली लिहिणारा ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो; ती त्याची मूळ संहिता. मग तिचे यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर होते. पूर्वी ही संहिता प्रयोगशाळांतून आणि विद्यापीठांतून हातोहात फिरत असे. १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. आपल्या बेसिक या प्रणालीच्या नकला पैसे न देता फिरविणारे लोक चोरी करीत आहेत आणि अशाने चांगले काम करण्याची कोणाचीच ऐपत उरणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. स्वामित्वहक्कासाठी झगडणाऱ्या कोणत्याही लेखकाला तो ओळखीचा वाटेल. पुढे मात्र विकावयाची ती केवळ अंकांची प्रत आणि मूळ संहिता मालकाच्या तिजोरीत, ही रीतच रूढ झाली. ग्राहकाला पोथी मिळाली, संकेत मिळाला नाही.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी या रीतीला नकार देऊन ग्नू या नावाने संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा, म्हणजे लिनक्स, लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. स्टॉलमन यांची खरी कल्पकता या परवान्यात दिसते. संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, विकावीदेखील. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना त्यालाही तेच सर्व अधिकार द्यावेत. स्वामित्वहक्काचा कायदाच येथे मालकीच्या विरुद्ध राबविला आहे.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द मुक्त आणि फुकट या दोन्ही अर्थांचा असल्याने या चळवळीला आपला अर्थ जन्मभर समजावून सांगावा लागला. मराठीत तो घोटाळा होण्याचे कारण नव्हते. येथे 'मुक्त', 'मोकळे', 'मोफत' आणि 'फुकट' हे शब्द परस्परांपासून चांगले दूर उभे आहेत. मल्याळममध्ये तर या चळवळीने 'स्वतंत्र' हाच शब्द घेतला. असे असूनही मराठी सुशिक्षितांच्या बोलण्यात लिनक्स म्हणजे फुकटात मिळणारी, म्हणून काहीशी कमअस्सल वस्तू, हीच कल्पना आढळते. शब्द हाताशी असले म्हणजे विचार हाताशी येतोच असे नाही.

या उदासीनतेची किंमत मराठीने मोजली आहे. १९९० च्या सुमारास खिळ्यांची जुळणी मागे पडून संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली. त्या काळच्या फाँटमध्ये जेमतेम दोनशेछप्पन्न जागा असत आणि प्रत्येक विक्रेत्याने त्या जागांवर देवनागरीचे तुकडे आपापल्या मर्जीने बसविले. एकाच्या मांडणीत ज्या क्रमांकावर 'क' असे, तेथे दुसऱ्याच्या मांडणीत अर्धा 'ष' किंवा नुसता काना. अक्षरांना सामायिक क्रम देणारे 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ साली सिद्ध झाले होते. परंतु पुस्तके आणि नियतकालिके बहुतांशी या खासगी मांडण्यांतच जुळविली गेली. कित्येक ठिकाणी संगणकाच्या पाठीमागे बोटाएवढे एक लॉक जोडावे लागे. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, याच मालकीच्या सॉफ्टवेअरमुळे जिल्ह्याच्या गावीही सुबक मराठी पुस्तके निघू लागली. मुक्त चळवळीपाशी त्या वेळी मराठी छापखान्याला देण्याजोगे फारसे काही नव्हते. ज्यांनी ती अक्षरे घडविली त्यांनी कष्ट केले होते आणि त्यांचे मोल मागण्यात वावगे काही नव्हते.

परंतु एखाद्या नियतकालिकाच्या संपादकाची कल्पना करावी. त्याने वीस वर्षांचे अंक असे जुळवून घेतले, फाइली निगुतीने जपल्या. मधल्या काळात विक्रेत्याने धंदा बंद केला, लॉक हरवले, जुना संगणक भंगारात गेला. आज ती फाइल उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे आणि आकडे यांचा सडा दिसतो. मजकुराचे एक अक्षरही नष्ट झालेले नाही आणि एक अक्षरही वाचता येत नाही. मराठी प्रकाशनव्यवसायात अशी उदाहरणे शोधत हिंडावे लागत नाही. महानुभावांनी निदान हेतुपूर्वक आणि श्रद्धेने संकेत योजला होता. त्याची किल्ली पंथात पिढ्यान् पिढ्या चालत आली. येथे किल्ली एका कंपनीच्या हिशेबवहीबरोबर संपली. मुद्रित प्रत आहे म्हणून ते लेखन वाचले. याच्या उलट उदाहरण फ्रान्स वेल्थुइस यांचे घ्यावे. क्नूथ यांच्या टेक या मुक्त मुद्रणप्रणालीसाठी त्यांनी ग्रोनिंगनला १९९१ मध्ये देवनागरीची सोय केली. ती साध्या रोमन अक्षरांवर आधारलेली आणि तिचा संकेत उघड. त्यामुळे त्या पद्धतीने त्या काळी टंकलेला संस्कृत ग्रंथ आज कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा वाचता येतो. देखणेपणात ती पद्धत कदाचित डावी ठरेल. टिकण्यात ठरली नाही.

युनिकोडने हा घोळ पुष्कळ अंशी मिटविला. त्यातील देवनागरीची मांडणी 'इस्की'च्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. येथे मालकी आणि मोकळीक यांची सरळ वाटणी करता येत नाही, कारण घरगुती आणि कचेरीतल्या संगणकांवर युनिकोडमधील देवनागरी मोठ्या प्रमाणावर आणली ती विंडोज २००० या मालकीच्या प्रणालीने. पण युनिकोडमध्येही मराठीची स्वतःची अशी दुखणी होतीच. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद दाखविणारा रफार दोन प्रकारांनी लिहिता येतो आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द ठरतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर कोणी 'अ'वर चंद्र काढीत, कोणी 'ए'वर. परिणामी 'ॲरिस्टॉटल' हा शब्द एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला ॲरिस्टॉटल भेटतच नाही. प्रारंभीच्या फाँटमधील 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, ते निराळेच. अशी दुखणी भाषेच्या माणसालाच कळतात. प्रश्न इतकाच की, कळल्यावर त्याला काही करता येते काय? मालकीच्या प्रणालीत तो विनंती करू शकतो आणि बाजारपेठेच्या हिशेबात मराठी कितव्या क्रमांकावर आहे त्यानुसार उत्तराची वाट पाहू शकतो. मुक्त प्रणालीत तो, किंवा त्याचा एखादा जाणकार विद्यार्थी, स्वतः ती उणीव भरून काढू शकतो.

मल्याळमने हे करून दाखविले. टंकलेखनयंत्रात बसावी म्हणून केरळ शासनाने १९७१ मध्ये लिपी सुधारली, म्हणजे जोडाक्षरे मोडून तिची चिन्हे फार कमी केली. पाठ्यपुस्तकांनी ती स्वीकारली आणि लेखणीच्या वळणातून आलेली जुनी जोडाक्षरे छापील पानावरून मागे हटली. १९९९ मध्ये आर. चित्रजकुमार, के. एच. हुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी 'रचना अक्षरवेदी' स्थापून यंत्रासाठी लिपी न कापता लिपीसाठी यंत्र वळवावे, अशी भूमिका घेतली. नऊशेच्या आसपास अक्षराकृती असलेला 'रचना' हा फाँट त्यांनी घडविला. पुढे तो मुक्त परवान्याखाली सर्वांना मोकळा झाला आणि तरुण स्वयंसेवकांनी त्याची देखभाल अंगावर घेतली. टंकलेखनयंत्र गेले आणि ज्या लिपीला त्याने कापले होते ती परत आली. मराठीतही मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या अक्षरकारांनी 'मुक्त', 'बलू' असे उत्तम फाँट खुल्या परवान्याने दिले आहेत. तथापि केरळात लिपीचा प्रश्न भाषाप्रेमाचा आणि स्वातंत्र्याचा मानला गेला. महाराष्ट्रात तो अजूनही डीटीपीवाल्याचा मानला जातो.

मोकळिकीचेही अनर्थ असतात आणि तिच्या भक्तांना ते ऐकणे आवडत नाही. 'ज्ञानेश्वरी' कोणत्याही संकेतात बंद नव्हती. ती गावोगाव उतरविली गेली, गायिली गेली आणि तीन शतकांत अपपाठांनी इतकी भरली की, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी बजावूनही ठेवले. म्हणजे जो ग्रंथ सर्वांचा, त्यालाही जागता संपादक लागतो. मुक्त सॉफ्टवेअरची दुबळी बाजू नेमकी हीच. जगातील असंख्य यंत्रे ज्यांच्यावर चालतात असे कित्येक भाग एखाददुसरा माणूस विनावेतन, रात्री जागून सांभाळतो. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या अशाच एका लहानशा साधनात प्रक्षेप सापडला. दोनअडीच वर्षे विश्वासू सहकाऱ्याचे सोंग घेऊन कोणीतरी थकलेल्या संपादकाचा विश्वास संपादन केला होता आणि परकी यंत्रे उघडणारी चोरवाट तीत घुसविली होती. ती उघडकीस आली ती अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून. त्याला संहिता उघडून पाहता आली, हे या पद्धतीचे बळ. त्याने पाहिली नसती तर, हा प्रश्न तिची दुर्बळता. फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये, एवढी नोंद दोन्ही पंथांच्या अभिमान्यांसाठी करून ठेवावी.

आज हे दोन पंथ एकमेकांत बरेच मिसळलेही आहेत. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे आणि त्यावरचा मजला मालकीचा. देवनागरीची जोडाक्षरे पडद्यावर जुळविण्याचे काम फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस यांच्यात 'हर्फबाज' ही एकच मुक्त संहिता करते. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. नाव फारसी, मूळ कर्ता इराणी आणि लाभ मराठीचा. तुलनाकारांना यात रस वाटावयास हरकत नाही.

मिसळण झाली तरी किल्लीचा प्रश्न मिटलेला नाही. उलट मालकीचे रूपच पालटले आहे. पूर्वी प्रत विकत मिळे, आता बहुधा भाड्याने मिळते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विक्रेत्याकडे हक्क नव्हते या कारणाने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून दूरूनच पुसून टाकल्या. त्यांतील एक '१९८४' होती. पैसे परत झाले, दिलगिरीही व्यक्त झाली. परंतु वाचकाच्या कपाटातले पुस्तक दुकानदाराला त्याच्या नकळत काढून नेता येते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, पण उत्तम चालणारे संगणक एका तारखेने जुने ठरले. ते लिनक्सवर आणखी कित्येक वर्षे चालतील. विद्यापीठांच्या भाषाविभागांतून असा प्रयोग करण्यास तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण सवयीची आहे, आणि सवय लावली ती ज्या सॉफ्टवेअरच्या नकला याच विभागांतून वर्षानुवर्षे परवान्यावाचून फिरल्या त्याने. गेट्स यांच्या १९७६ च्या पत्राला भारतीय विद्याक्षेत्राने दिलेले उत्तर हे असे आहे: मालकी मान्य, किंमत अमान्य. ही भूमिका दोन्ही पंथांना सारखीच परकी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती गांधीनगरच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवल्या जाऊ लागल्या. ते भांडार कोणालाही मोफत पाहता येते. तेथे अनेक मराठी प्रबंध जुन्या फाँटांत जुळविलेले किंवा पानांची छायाचित्रे घेऊन चढविलेले आहेत. लेखकाचे नाव शोधता येते, शीर्षक शोधता येते, मार्गदर्शकाचे नावही सापडते. आतला एखादा शब्द हवा असेल तर मात्र चारशे पाने एकेक करून डोळ्यांनी वाचावी लागतात.