एका डोकेदुखीची चौकशी

लेक्सिंग्टन, मॅसॅच्युसेट्स
दि. १९ ऑक्टोबर

चि. सौ. मृणालिनीस,


तुझे सविस्तर पत्र आणि त्यासोबत तू जोडलेली वर्ज्य पदार्थांची यादी, दोन्ही पोचली. चॉकलेट, चीज, टोमॅटो, लिंबू, शेंगदाणे, आंबवलेले पीठ आणि आता दही, असे एकेक सोडीत तू जिथवर आली आहेस तिथून पुढे केवळ वरणभात उरतो. आणि इतके करूनही शनिवारी सकाळी डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा तो होतोच, असे तूच शेवटी लिहितेस. तुझ्या निग्रहाचे मला कौतुक वाटले, न्यायबुद्धीचे मात्र वाटले नाही. कारण ज्या पुराव्यावर तू या गरीब पदार्थांना हद्दपार केलेस, तो कोणत्याही मामलेदाराच्या कचेरीत घटकाभर टिकला नसता.

चॉकलेटाचेच प्रकरण घे. अर्धशिशीचा आरंभ ठणक्यापासून होतो असे आपण धरून चालतो. परंतु मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस, जो भूक, तहान आणि झोप यांचा कारभार पाहतो, तो ठणक्याच्या कित्येक तास आधी, काहींच्या बाबतीत आदल्या दिवसापासूनच, निराळा वागू लागतो, हे अलीकडे मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखविता आले आहे. आणि म्हणूनच त्या अवधीत पुष्कळांना वारंवार जांभया येतात, मान आखडते, निष्कारण चिडचिड होते, उजेड खुपू लागतो आणि गोड खाण्याची अनावर वासना होते. रात्री चॉकलेट खाल्ले आणि पहाटे डोके दुखले, एवढ्यावरून तू निवाडा दिलास. पण येऊ घातलेल्या डोकेदुखीनेच ते चॉकलेट तुझ्या हाती दिले असेल, ही शक्यता तू विचारातच घेतली नाहीस. १९९७ साली पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. डॉन मार्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार डोके दुखणाऱ्या ६३ स्त्रियांना, कोणाला काय दिले हे देणाऱ्याला वा घेणाऱ्याला कळू न देता, कधी चॉकलेट आणि कधी तसेच लागणारे कॅरोब खाऊ घातले. तेव्हा चॉकलेटाने कॅरोबपेक्षा अधिक डोकी दुखविली नाहीत, आणि ज्या स्त्रिया चॉकलेटाला ठामपणे दोष देत होत्या त्यांचीही नाहीत.

तुझी आजी पित्ताला असाच दोष देई. साताऱ्याच्या माजघरात खिडक्या लावून, कपाळावर सुंठेचा लेप घेऊन ती पडलेली असे, आणि पित्त पडल्यावाचून हे उतरायचे नाही, असे आम्हां मुलांना सांगे. मळमळ ही डोकेदुखीची जननी आहे असे तिला वाटे. वस्तुतः दोन्ही एकाच आवेगाची लेकरे. अर्धशिशीत जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, आणि याच कारणाने उशिरा घेतलेली गोळीही पोटात तशीच पडून राहते. ही गोष्ट तुझ्या कामाची आहे, म्हणून पुढे तिच्याकडे परत येईन.

याचा अर्थ कारणे नसतातच असा मात्र करू नकोस. २००१ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील संशोधकांना आवेगाच्या आरंभी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषांचा, म्हणजे ज्याला ऑरा म्हणतात त्याचा, मेंदूतला प्रवास यंत्रात पकडायचा होता. अडचण अशी, की रुग्ण यंत्रात निजलेला असताना आवेग हुकमी यावा कसा? त्यांना एक गृहस्थ असा भेटला, की बास्केटबॉल दीर्घकाळ खेळला म्हणजे त्याला ऑरा खात्रीने येई. त्याला खेळवून यंत्रात निजविण्यात आले आणि दृष्टीच्या प्रांतात मंद गतीने सरकणारी ऑराची लाट प्रथमच अशी स्पष्ट पाहता आली. पण असा हुकमी माणूस विरळा. २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी, श्रमाने किंवा प्रखर प्रकाशाने आपल्याला हटकून ऑरासह अर्धशिशी येते असे सांगणाऱ्या २७ जणांना नेमके तेच श्रम आणि तोच प्रकाश दिला, तेव्हा तसा आवेग फक्त तिघांना आला, आणि आणखी तिघांना ऑराविना अर्धशिशी झाली. एकटे एक कारण बहुधा पुरेसे नसते. अपुरी झोप, टळलेले जेवण आणि पाळीच्या आदले दोन दिवस ही तिन्ही एकत्र आली म्हणजे जे घडते, ते त्यांपैकी एकाने घडत नाही. आणि माणसाचे दोन दिवस कधीच सारखे नसल्यामुळे, रेड वाइन घेतलेल्या रात्रीची न घेतलेल्या रात्रीशी तुलना करताना बाकी सर्व समान होते, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही.

म्हणून माझी तजवीज अशी. यादी बाजूला ठेव आणि रोजनिशी लिही. मात्र ती डोके दुखले त्या दिवसांची नको, सर्व दिवसांची हवी. डोके न दुखलेल्या दिवसांची नोंद नसेल तर, त्या दिवशीही तू टोमॅटो खाल्ला होतास आणि काही झाले नाही, ही साक्ष कोण देणार? निजण्याची व उठण्याची वेळ, जेवणांच्या वेळा, कॉफी, पाळी, औषध, आणि आदल्या दिवशी जांभया किंवा आखडलेली मान होती की नाही, एवढे दोन ओळींत मावते. तीन महिने भरल्यावाचून त्यातून काही वाचू नकोस.

तरी तुझ्या शनिवारांविषयी मला आजच एक संशय आहे. भारतातल्या सहकाऱ्यांशी रात्री उशिरापर्यंत बोलणे, सकाळी सहाला उठणे, कचेरीत पोचताच मोठा पेला कॉफी, हा तुझा पाच दिवसांचा क्रम. आणि शनिवारी दहापर्यंत झोप, न्याहारीला फाटा, व पहिली कॉफी अकराला. १९९२ साली जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी दिवसाला सरासरी अडीच कप कॉफी पिणाऱ्या साध्या निरोगी माणसांची कॉफी गुपचूप बंद केली, तर निम्म्याहून अधिक जणांचे डोके मध्यम ते तीव्र दुखले. मग तुझ्यासारख्या, जिच्या घराण्यातच हे दुखणे आहे, तिच्या मेंदूने तक्रार केली तर नवल कसले? शनिवारीही सातच्या सुमारास ऊठ, काही खा, कॉफी नेहमीच्या वेळी घे, आणि हवी तर दुपारी थोडी पड. अर्धशिशीच्या मेंदूला अनियमितपणा सोसत नाही. मला तर पुष्कळदा वाटते, की चीजपेक्षा आपल्या सुट्ट्याच अधिक छळतात.

दुसरे असे, की दवाखान्यात तुला जो छापील तक्ता देतील त्यात जुने चीज आणि रेड वाइन अग्रभागी असतील, पण आपल्या घरातल्या गोष्टी त्यात नसतील, त्या तू आपण होऊन सांग. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली डोक्यावरून न्हाल्यामुळे अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले; लांबसडक केस ओलेच बांधून कामाला लागणाऱ्या आपल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, पण तुमच्या टेक्ससच्या डॉक्टरीणबाईंना ते कसे सुचावे? तशीच उदबत्ती, तशीच बंद स्वयंपाकघरातली मिरचीची फोडणी, आणि तशीच तुझी संकष्टी. यहुदी लोकांच्या योम किप्पुरच्या उपवासात, उपास धरणाऱ्यांची डोकी न धरणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक दुखतात हे १९९५ साली अभ्यासून नोंदले गेले आहे, आणि गणपती या बाबतीत निराळा कायदा करील असे मला वाटत नाही. चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहू नकोस; फराळ करून पाळलेली संकष्टी त्याला पावत नाही असे कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. हवेविषयी म्हणशील तर, बॉस्टनच्या एका रुग्णालयात डोकेदुखीने तातडीच्या विभागात आलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून २००९ साली असे दिसले, की तापमान ५ अंश सेल्सिअसने चढले की अशा डोकेदुखीचा धोका सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढे. टेक्ससचा उन्हाळा तुला टाळता येणार नाही, पण त्या दिवसांत निदान जेवण आणि झोप तरी चुकवू नये.

आता उपाय. जनरल ग्रँटची हकीकत तू शाळेत शिकली नसशील. १८६५ च्या एप्रिलची ८ तारीख, अमेरिकेचे यादवी युद्ध संपत आलेले, आणि उत्तरेचा हा सेनापती व्हर्जिनियातल्या एका शेतघरात डोकेदुखीने तळमळत होता. मोहरी घातलेल्या ऊन पाण्यात त्याने पाय बुडविले, मनगटांवर आणि मानेवर मोहरीचे लेप लावले, रात्र तशीच काढली. सकाळीही गुण नव्हता. मग शरणागतीची बोलणी करायला आपण तयार असल्याचा जनरल लीचा खलिता आला, आणि तो वाचताक्षणीच डोके थांबले, असे ग्रँटने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. खलिता आला नसता आणि डोके आपोआप थांबले असते, तर श्रेय मोहरीला गेले असते, यात मला तिळमात्र शंका नाही. अर्धशिशीचा आवेग चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हातरी स्वतःच ओसरतो, आणि ओसरतेवेळी जे हाताशी असेल ते औषध ठरते. वहिनींनी सांगितलेली सूर्योदयापूर्वीची दूध-जिलबी मी त्याच दृष्टीने पाहते. फक्त रात्रभराच्या उपाशी पोटी ज्याचे डोके दुखते त्याला पहाटे काही खाऊ घालणे हा अगदीच मूर्खपणा नव्हे, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.

खरी औषधे आज आहेत, आणि तुझ्या आजीला ती मिळाली नाहीत याची मला खंत आहे. १९९२ च्या अखेरीस या देशात मंजूर झालेले सुमाट्रिप्टन आणि त्याची भावंडे ठणका सौम्य असतानाच घ्यावयाची. तू सहन होईल तितके सोसून मग गोळी घेतेस, तोवर जठर मंदावलेले असते. मळमळ लवकर येत असेल तर नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन माग. मात्र ट्रिप्टन अथवा कॅफीनमिश्रित गोळ्या महिन्यातून दहा दिवस, किंवा साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा दिवस, याप्रमाणे महिनोन्‌महिने घेतल्या तर औषधच दुखणे पोसू लागते. तेव्हा रोजनिशीत गोळीचा रकाना सर्वांत प्रामाणिकपणे भर. आवेग वारंवार येत असतील तर ते रोखणारी औषधे निराळी: प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी, आणि २०१८ पासून आलेली, आवेगाच्या वेळी रक्तात वाढणाऱ्या सीजीआरपी या द्रव्याला अडविणारी नवी. या द्रव्याचा छडा लावणाऱ्या चौघांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले, त्यांतले मायकेल मॉस्कोविट्झ आमच्या बॉस्टनचे, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. आणि एक गोष्ट विसरू नकोस: चमकत्या रेषा दिसत असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांग, कारण इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या आणि ऑरा यांची जोडी पक्षाघाताच्या दृष्टीने बरी नव्हे. वीज कोसळावी तशी एकाएकी, पूर्वी कधी न झालेली डोकेदुखी झाली, अथवा ताप, बोबडे बोलणे वा अंगाला लुळेपणा तिच्यासोबत आला, तर माझे पत्र वाचीत बसू नकोस, सरळ इस्पितळ गाठ.

शेवटी विमा कंपनीचे. सीजीआरपीवरची औषधे पहिल्या फळीत द्यावीत असे अमेरिकन हेडेक सोसायटीने २०२४ साली म्हटले आहे खरे, तरी पुष्कळ कंपन्या आधी दोन स्वस्त औषधांचा अनुभव घेतल्याचा दाखला मागतात, आणि मंजुरीची अर्जी एकदा नामंजूर झाल्यावाचून पुढे सरकतच नाही. तिथे महिन्याचे दुखरे दिवस, घेतलेल्या गोळ्या आणि बुडालेले काम हे सारे तारीखवार लिहिलेले दफ्तर डॉक्टरांच्या हाती असले, तर फेरतपासाच्या अर्जाला वजन येते. डॉक्टरांची पहिली तारीख मिळाली की कळव, म्हणजे तुझ्या आजीची आणि माझी दुखण्याची हकीकत मी लिहून पाठवीन. घराण्याविषयी विचारतील, आणि तुला ती धड ठाऊक नाही. दही मात्र उद्यापासून खायला लाग.

जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी
आत्या