चोर्ल्याच्या घाटात सायकल रुसते तेव्हा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साखळीला मावशीकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं, असा बेत मी 2023 च्या डिसेंबरमध्ये आखला. एका बाजूचं अंतर साधारण 80 किलोमीटर. वाहन म्हणजे गिअरची सायकल, आणि सोबतीला कुणी नाही. ‘कुणाला तरी बरोबर घ्या,’ असं घरातून सांगणं झालं, पण मी ते हसण्यावारी नेलं. वर्गात स्वावलंबनावर तासभर बोलणाऱ्या माणसाला सायकल चालवायला सोबत कशाला हवी?

आपल्या बाजूने निघालं की हा घाट घाट वाटतच नाही. बेळगाव मुळातच उंचावर. पिरनवाडी, किणये मागे पडलं की रस्ता कधी चढतो, कधी उतरतो, एवढंच. जांबोटीनंतर झाडी दाट होते. कणकुंबीला माउलीदेवीचं देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम. ही नदी पूर्वेला वळून थेट कुडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि तिथून जवळच उगम पावणारे ओढे मात्र पश्चिमेला म्हादईकडे धावतात. एकाच पावसाचं पाणी दोन समुद्रांना जातं, ते इथून! खरा घाट लागतो तो चोर्ल्याच्या पुढे. तिथून गोव्यातल्या केरीपर्यंत वळणांमागून वळणं, आणि मध्येच खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकतं.

शनिवारी जाताना कणकुंबीला चहा घ्यायला थांबलो. भिंतीला टेकवलेली सायकल उजव्या अंगावर, म्हणजे नेमकी गिअरच्या बाजूला पडली. उचलली, धूळ झटकली आणि निघालो. पुढच्या एका चढावर हलका गिअर टाकल्यावर मागून ‘कट कट’ असा आवाज आला. पण पुढे सगळा उतारच होता. हलका गिअर लागला नाही, आवाज आला नाही आणि मीही विसरलो. संध्याकाळी मावशीकडे गरम गरम जेवण झालं आणि सायकल अंगणात तशीच राहिली.

रविवारी सकाळी केरी सोडून चढाला लागलो. घाम निघू लागला तसा एका वळणावर सगळ्यात हलका गिअर टाकला. कडाड् असा आवाज झाला आणि मागचं चाक जागीच अडकलं.

खाली उतरून पाहिलं. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा जो भाग मागे लटकत असतो, त्याला डिरेलर म्हणतात. तो ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो ती मुद्दामच नरम धातूची असते, म्हणजे धक्का बसला तर ती वाकावी, सांगाडा वाचावा. शनिवारी सायकल पडली तेव्हाच ती पट्टी आत वाकली होती. हलक्या गिअरला डिरेलर चाकाच्या अगदी जवळ जातो. तो सरळ तारांत घुसला होता. पट्टी तुटली होती, दोन तारा गेल्या होत्या आणि चाक वेडंवाकडं फिरत होतं.

मोबाईलला रेंज नव्हती. पहिली दहा मिनिटं मी नुसता उभा होतो. एवढ्यात बेळगावची एक मोटार थांबली. “एन आगैत्री?” आतल्या गृहस्थांनी विचारलं. पाण्याची बाटली पुढे केली, वर सोडतो म्हणाले. मी नको म्हणालो. म्हणालो कन्नडमध्येच, पण ताठा अस्सल मराठी होता!

मग पिशवी उघडली. डिरेलर काढून टाकला. चेनची खीळ काढायचं छोटं हत्यार जवळ होतं, त्याने चेन तोडली, आखूड केली आणि पुढच्या लहान चकतीवरून मागच्या एका चकतीवर जोडली. आता सायकल एकाच गिअरची. पण चार पायडल मारताच चेन तिरपी ओढली गेली, शेजारच्या मोठ्या चकतीवर चढली आणि ताठ होऊन अडकली. पुन्हा तोडली. या वेळी मागे बसून, एक डोळा मिटून, पुढच्या चकतीच्या सरळ रेषेत कोणती चकती येते ते पाहिलं आणि तिच्यावर जोडली. तुटलेल्या तारा शेजारच्या तारांना गुंडाळल्या. चाक ब्रेकला घासत होतं म्हणून मागचा ब्रेक मोकळा केला. या सगळ्यात दोन तास गेले. मग जिथे जमेल तिथे बसून, जिथे जमेना तिथे ढकलत घाट चढलो. चोर्ल्याला पोहोचलो तेव्हा छाती अभिमानाने फुगली होती.

कणकुंबीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. एका पंक्चरच्या दुकानात हवा मारायला थांबलो. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि म्हणाले, “चाकाला आउट आलंय.” मग एक तार आवळत, दुसरी सैल करत त्यांनी अर्ध्या तासात बराचसा आउट काढला. गिअरची सायकल त्यांच्याकडे क्वचितच येते, पण चाक त्यांना पुरतं ठाऊक होतं. मागचा ब्रेक मात्र लावता येईना.

“सर, आता पुढं जाऊ नकासा,” ते म्हणाले. “अंधार पडतोय, जंगल हाय.”

“अहो, अख्खा घाट चढून आलोय मी!”

“चढताना बिघडली तर सायकल थांबती ओ. उतारावर ती थांबायची नाही.”

मला राग आला, हे कबूल करतो. पण बोलणं खरं होतं. जांबोटीकडचे उतार, एकच ब्रेक, समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे आणि दोन तारा कमी असलेलं चाक! घरी दोन मुलं वाट पाहत होती. मी बाकड्यावर बसलो. मिस्त्रींनीच बेळगावला जाणारा एक टेम्पो थांबवला, दोरीने सायकल बांधून दिली आणि मजुरी सांगितली ती चाळीस रुपये!

वाचकहो, एकट्याने जाणार असाल तर चेनचं हत्यार, चेन जोडायची एक कडी, तारांचा पाना आणि आपल्याच सायकलच्या मापाची ती छोटी पट्टी जवळ ठेवा. पट्टी दर सायकलला वेगळी असते, शेजाऱ्याची चालत नाही. सायकल पडली तर तिथेच तपासा. ‘कट कट’ आवाज आला तर चहा नंतर घ्या.

मी अजूनही एकटाच जातो. पण निघताना कुठल्या गावी किती वाजता पोहोचेन ते घरी लिहून ठेवतो. घाटात कुणी पाणी दिलं, वर सोडतो म्हणालं, तर आधी ‘नको’ म्हणत नाही. आणि चोर्ल्याकडे जाताना कणकुंबीच्या त्या दुकानापुढे थांबून चाक एकदा फिरवून घेतो. मिस्त्री आउट बघतात, मान हलवतात, तेव्हाच पुढे निघतो.